जमिनीखालचे गुप्त तळ, भुयारं, तळघरं : यंत्राला खरंच दिसतात का? (मराठवाड्याच्या जमिनीपुरतं)

काटेसावर
किल्ल्याच्या पायथ्याचं आठ एकर रान आहे. वर साडेतीन-चार फूट काळी, खाली मुरूम, मग मांजऱ्या (मऊ खडक), मग पाषाण. किल्ल्यातून निघालेलं भुयार या रानाखालून जातं अशी जुनी बोलवा आहे. एक पार्टी 'सॅटेलाइट स्कॅन' करून देतो म्हणते. चाळीस मीटरपर्यंतची पोकळी, पाणी आणि धातू वेगवेगळ्या रंगांत दाखवणार, रानात पाय ठेवायचीही गरज नाही म्हणे. इकडं ग्रुपवर पिरॅमिडखालचे खांब आणि वेरूळखालचं शहर रोज फिरतंय. जाणकारांनी सांगावं : कोणत्या यंत्राला काय दिसतं, किती खोल दिसतं, आणि फसगत कुठं होते?

फक्की_खुंटी
सॅटेलाइटवाल्याला आधी हात जोडा.

उपग्रहावरच्या रडारची लहर एक्स-बँडची असेल तर लांबी सुमारे ३ सेंटिमीटर, एल-बँडची असेल तर २३-२४ सेंटिमीटर. १९८१ साली अमेरिकेच्या स्पेस शटलवरून एल-बँड रडारनं सहारातल्या वाळूखाली गाडलेली जुनी नदीपात्रं दिसली, हे खरं आहे. पण ती वाळू कोरडीठाक होती आणि खोली मोजक्या मीटरची. आपल्या काळ्या रानात तीच लहर ढेकळाच्या आत वीतभरही टिकत नाही.

पिरॅमिडचं प्रकरण २०२५ चं. खांब सापडले म्हणणाऱ्यांचाही दावा रडार शेकडो मीटर आत शिरतो असा नाही. पृष्ठभागाच्या बारीक थरथरीवरून आतलं चित्र काढलं असं ते म्हणतात. त्यावरचा आक्षेप असा की एवढ्या थरथरीतून एवढ्या खोलीचं एवढं रेखीव चित्र निघतं हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी माहीत असलेल्या बोगद्यावर पडताळून दाखवलेलं नाही. तुमच्या पार्टीलाही तेवढंच सांगा. दौलताबाद किल्ल्यातलं अंधारी नावाचं भुयार आहे, ती अंधारी कुठून कुठं जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे, ती आधी स्कॅनमध्ये काढून दाखव म्हणावं.

मुरमाड
वरच्या प्रतिसादाला जोडून. कोणतंही यंत्र 'भुयार' किंवा 'तळ' बघत नाही. आजूबाजूच्यापेक्षा वेगळं काय आहे एवढंच त्याला कळतं : वीज कमी-जास्त वाहते, वजन कमी-जास्त आहे, लहर आपटून परत येते. म्हणून यंत्र निवडायच्या आधी माती बघायची.

सगळ्यांच्या तोंडी असतं ते जीपीआर, म्हणजे जमिनीवरून ओढायचा रडार. काळ्या मातीत तो का मरतो त्याचा हिशेब असा. ओल्या काळ्या मातीचा विद्युतरोध १० ओम-मीटरच्या घरात असतो, म्हणजे वाहकता मीटरला १०० मिलिसीमेन्स. डायइलेक्ट्रिक स्थिरांक २५ धरा. १.६४ (ठरलेला गुणक) गुणिले १०० भागिले ५ (२५ चं वर्गमूळ), म्हणजे मीटरमागे सुमारे ३३ डेसिबल घट. लहर जाऊन परत यायची, म्हणून ६५. दोन मीटरला १३०. यंत्राची एकूण ताकद साधारण तेवढ्यातच संपते. तुमच्या चार फूट काळीखालून काही परत आलंच तर ते फार पुसट येईल, आणि काळी सहा फूट झाली की विषय संपला.

उलट गडावर, उघड्या कोरड्या पाषाणावर, हाच रडार १०० मेगाहर्ट्झच्या अँटेनानं दहा मीटरच्या आसपास नीट बघतो. कोरड्या बसाल्टमध्ये लहर नॅनोसेकंदाला साधारण ११ सेंटिमीटर जाते. म्हणजे १०० मेगाहर्ट्झला लहरलांबी १.१ मीटर आणि बारकावा तिच्या पावपट, फूटभर. ४०० चा अँटेना घेतला तर बारकावा ७ सेंटिमीटरवर येतो, पण खोली दोन-तीन मीटरवर घसरते. पायरीखालचं टाकं, भिंतीतलं बळद, फरशीखालचं तळघर यांना ४००. खालच्या कातळातल्या भुयाराला १००.

हावबगा
म्हणजे खाली रानात आमच्या कामाचा नाही अन वर गडावर कामाचा, असंच ना? मग रानात काय लावायचं? पाणाड्याचा नारळ?

मुरमाड
नारळाला काळी माती आडवी येत नाही, तेवढी त्याची सोय. रानात ईआरटी लावा.

ओमकार_नव्हे_ओहम
ईआरटीचं मी सांगतो, म्हणजे विद्युतरोध चित्रण. पाणी बघायला गावोगाव चार खुंट्या ठोकून करतात त्याचाच मोठा भाऊ.

सामान : स्टीलच्या ४८ खुंट्या, १२ मिलिमीटर जाड, फूट-दीड फूट लांब. मल्टिकोअर केबल, स्विचिंगवालं मीटर, १२ व्होल्टची गाडीची बॅटरी आणि तिची एक जोड, घण, ५० मीटरची टेप, फक्की. दोन मीटर अंतरानं ४८ खुंट्या म्हणजे ९४ मीटरची ओळ. खोली ओळीच्या पाचवा-सहावा हिस्सा, म्हणजे १६ ते १८ मीटर, आणि तीही फक्त ओळीच्या मधल्या भागात. टोकांना चित्र उथळ होत जातं. खालचे दोन कोपरे रिकामे असतात, तिथं सॉफ्टवेअरनं रंग भरला असेल तर तो अंदाज आहे.

ओळ भुयाराला आडवी काढायची. भुयार कुठून कुठं जातं याचा अंदाज नसेल तर दोन दिशांनी काढायची. एकाच ओळीत दिसलेला डाग भुयार नसतो. दहा-दहा मीटरवरच्या तीन समांतर ओळींत तो सरळ रेषेत यायला हवा.

खुंटीचा मातीशी संपर्करोध २ किलोओमच्या आत ठेवा. काळीत पाऊस उघडल्यावर तो आपोआप राहतो. चैत्र-वैशाखात भेगा पडल्या की खुंटी भेगेत लोंबकळते, आकडा दहापट होतो आणि त्या खुंटीशी जोडलेली सगळी वाचनं कचरा होतात. भेग टाळून ठोका, मिठाचं लिटरभर पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, मग परत तपासा. कातळावर खुंटी जातच नाही. तिथं काळ्या मातीचा घट्ट चिखल करून दगडावर भाकरीएवढा लपका द्यायचा आणि त्यात स्टीलची पट्टी दाबायची. बेंटोनाइट विकत आणायची गरज नाही, आपली काळी त्याच जातीची आहे.

रचना (कोणत्या खुंट्यांतून वीज सोडायची, कोणत्यांवर मोजायची) : वेनर-श्लमबर्जर एकदा आणि डायपोल-डायपोल एकदा, दोन्ही घ्या. पहिल्यात आडवे थर चांगले येतात, दुसऱ्यात उभ्या कडा. डायपोलचा सिग्नल अशक्त असतो, वरून हायटेन्शनची तार जात असेल तर तो गोंगाटात बुडतो.

आणि मीटर चालू असताना केबलला हात नाही. चारशे व्होल्ट जातात. ओळीच्या दोन्ही टोकांना माणूस उभा करा, शेळ्या केबल चावतात.

तांबडा_पट्टा
ओमकारदादा, एक गोष्ट राहिली. त्यांचं भुयार कातळात असलं तर ईआरटीला ते दिसणं अवघड आहे. कोरडी पोकळी म्हणजे प्रचंड रोध. अखंड पाषाणाचा रोधही शेकडो ओम-मीटर. जास्त रोधात जास्त रोध मिसळला, डोळ्याला काय वेगळं दिसणार? तेच भुयार गाळानं किंवा पाण्यानं भरलेलं असेल तर पाषाणात कमी रोधाचा ठिपका उठून येतो. आणि काळीत-मुरमात उलट. तिथं सगळं १० ते ५० ओम-मीटर, त्यात कोरडी पोकळी लालभडक दिसते.

आपल्याकडची दुसरी फसगत माझ्या नावातच आहे. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो, बोअरवाले 'लाल लागली' म्हणतात तो. रोध एकदम कमी. चित्रात तो आडव्या निळ्या पट्ट्यासारखा येतो आणि लोक त्याला पाण्यानं भरलेलं भुयार समजतात. ओळखायची खूण सोपी आहे : पट्टा साऱ्या ओळींत जवळपास एकाच उंचीवर येतो. उंची म्हणजे समुद्रसपाटीपासूनची, जमिनीपासूनची खोली नव्हे. म्हणून प्रत्येक खुंटीची पातळी घ्यायलाच हवी.

ओमकार_नव्हे_ओहम
मान्य. कातळातल्या कोरड्या पोकळीबद्दल तुम्ही बरोबर आहात, मी मुरमातलं डोक्यात धरून लिहिलं. रंगांबद्दलही एक : रंगपट्टी बदलली की तोच डेटा भुयार दाखवतो नाहीतर लपवतो. रिपोर्ट घेताना रंगीत चित्रावर भागवू नका. आकड्यांची फाइल, त्रुटीची टक्केवारी आणि रंगपट्टीचे आकडे मागा. सगळ्या ओळींना एकच रंगपट्टी लावलेली आहे का ते बघा.

मुरमाड
गडावर जीपीआर ओढणाऱ्यांसाठी, कारण तिथं सर्रास होणारी चूक हीच आहे.

१०० मेगाहर्ट्झचे पुष्कळ अँटेना वरून झाकलेले नसतात. लहर खाली जाते तशी हवेतूनही जाते. समजा ३० मीटरवर तटाची भिंत आहे. लहर भिंतीला आपटून परत आली : ६० मीटर, हवेत नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर, म्हणजे २०० नॅनोसेकंद. यंत्राला काय माहीत ती हवेतून आली? ते बसाल्टचा ११ सेंटिमीटरचा वेग लावतं आणि ११ मीटर खोल एक सुंदर कमान काढतं. ऑपरेटर खूश, मालक खूश. ते भुयार नसून तटाची भिंत असते. दीपमाळ, विजेचा खांब, मोबाइल टॉवर, बाजूला उभी केलेली जीप, सगळ्यांच्या अशाच कमानी येतात.

पकडायची कशी? सॉफ्टवेअरमध्ये कमानीवर वेगाची कमान बसवून बघा. ३० सेंटिमीटरवर बसली की ती हवेतली. १० ते १२ वर बसली तर दगडातली असू शकते.

खरी पोकळी असेल तर दोन परावर्तनं मिळायला हवीत, छताचं आणि तळाचं. आणि इथं गंमत आहे. पोकळीत हवा, तिथं लहर सुसाट. दोन मीटर उंचीच्या पोकळीतून जाऊन यायला १३ नॅनोसेकंद लागतात. यंत्र दगडाचाच वेग धरत असल्यामुळं पडद्यावर ती उंची पाऊण मीटरही दिसत नाही. भुयार इतकं बुटकं कसं म्हणून खरी खूण टाकून देऊ नका. छतावरून आलेल्या लहरीची उलटसुलट बाजूही बघा. दगडातून हवेत जाताना ती एका बाजूची येते, दगडातून पाण्यात किंवा ओल्या गाळात जाताना विरुद्ध. कोरडं टाकं आणि भरलेलं टाकं न खोदता वेगळं काढायचा हा एकच स्वस्त उपाय.

हावबगा
तो इजिप्तचा राजा तुतनखामेन, त्याच्या थडग्यातल्या खोलीमागं दडलेली खोली सापडली होती ना रडारनं? ते खरं निघालं का?

फक्की_खुंटी
नाही. २०१५ नंतर तिथं तीनदा रडार फिरवला, एकाला दिसली, दुसऱ्याला नाही. २०१८ मध्ये इटालियन तुकडीनं तिसऱ्यांदा, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे अँटेना वापरून तपासलं आणि भिंतीमागं खोली नाही असा निर्वाळा दिला. जगातली सगळ्यात नावाजलेली भिंत, कोरडा चुनखडक, उत्तम यंत्रं, तरी पहिल्या फेरीत चूक झाली. तेव्हा एका ऑपरेटरच्या एका ओळीवर जेसीबी बोलावू नका.

तराजूवाला
वजनाच्या पद्धतीबद्दल कुणी बोललं नाही. सूक्ष्म गुरुत्वमापनाला काळी माती अडवत नाही, ओल अडवत नाही, वरची तार अडवत नाही. पोकळीच्या जागी दगड नाही, म्हणून ओढ कमी. एवढंच मोजायचं.

आकडे बघा. दीड मीटर त्रिज्येचं भुयार, मध्य ४ मीटर खोल, दगडाची घनता २.८. डोक्यावर घट येते सुमारे ६६ मायक्रोगॅल (ओढ मोजायचं बारीक एकक). तेच १० मीटर खोल असेल तर २६. पाण्यानं भरलेलं असेल तर ४ मीटरवर ४२. चांगलं मीटर शेतात ५ ते १० मायक्रोगॅलपर्यंत विश्वासाचं. म्हणजे चार मीटरवरचं नक्की, दहा मीटरवरचं काठावर.

पण मीटरची उंची एका सेंटिमीटरनं चुकली तर ३ मायक्रोगॅल गेले. म्हणून ऑटो लेव्हलनं मिलिमीटरपर्यंत पातळी हवी, मोबाइलचं जीपीएस इथं चालत नाही. ठाणी दोन मीटरवर, दर तासाभरानं मूळ ठाण्यावर परत येऊन वाचन, कारण यंत्र स्वतः सरकत असतं. वारा सुटला की काम बंद, छत्री धरून भागत नाही.

आपल्याकडं याचं खरं दुखणं मात्र काळीच्या जाडीचं. मातीची घनता १.८ धरली तर काळी एक मीटरनं जाड झाली की ४२ मायक्रोगॅल कमी होतात, पाणी भरलेल्या भुयाराइतकेच. रानाखाली मुरमाचा खळगा असला तरी चित्र तसंच येतं. म्हणून आधी ईआरटीनं काळीची जाडी काढायची, तिचा परिणाम वजा करायचा, मग उरलेल्यात भुयार शोधायचं. गडाच्या पायथ्याशी डोंगराची ओढही वजा करावी लागते. हे न करता दिलेला नकाशा म्हणजे नुसते रंग.

जुनं_टिपण
मूळ प्रश्नातल्या 'गुप्त तळ' शब्दाकडं येतो. कोरियाच्या सीमेवर उत्तरेकडून दक्षिणेत खणलेली भुयारं १९७४, १९७५, १९७८ आणि १९९० साली सापडली. तिसरं ७३ मीटर खोल, लांबी १६३५ मीटर, रुंदी-उंची दोन-दोन मीटरच्या आसपास. ७३ मीटर म्हणजे वरून ओढलेल्या रडारच्या, ईआरटीच्या, कशाच्याच हातात नाही. तिथं बोअरची रांग मारून त्यांत पाणी भरलेले पाइप सोडले होते, एका बोअरमधून पाणी उसळलं आणि दिशा कळली. खोल जागेला उपाय हाच : दोन बोअर मारायचे, एकात पाठवणारा आणि दुसऱ्यात ऐकणारा अँटेना उतरवायचा आणि मधला दगड आडवा तपासायचा.

त्या भुयाराची माती मोजा. ६५४० घनमीटर अखंड दगड, फोडल्यावर दीडपट होतो. जवळपास साडेतीन हजार ब्रास. सहा ब्रासच्या हायवाच्या पावणेसहाशे खेपा. कुठंतरी टाकावी लागणारच. वेरूळखाली शहर आहे म्हणणाऱ्यांना हा राडा कुठं आहे ते विचारा. व्हिडिओत दाखवतात त्या अरुंद भोकांपैकी पुष्कळशी पाणी काढायच्या चऱ्या आहेत, माणूस जाईल अशी वाट नाही. आपला पाषाण पातळ आहे अशातलाही भाग नाही. किल्लारीला भूकंपानंतर जे खोल बोअर घेतलं, त्यात ३३८ मीटर नुसता बसाल्ट लागला. खणणाऱ्याला त्यातून वाट काढायची आहे, सुतळी ओवायची नाही.

मराठवाड्यात यंत्रात खरोखर जे निघतं ते वेगळं आहे : पांढरीतली (जुन्या गावठाणातली) धान्याची पेवं, वाड्यातली बळदं, गाळानं भरलेल्या बारवा, खापरी नळ, मलिक अंबरच्या काळातल्या जमिनीखालून पाणी नेणाऱ्या नहरी. छत्रपती संभाजीनगरच्या नहरीची वाट शोधायची असेल तर यंत्राच्या आधी तिच्या उच्छ्वासाच्या चौक्या एका रेषेत कुठं कुठं उभ्या आहेत ते नकाशावर टाका. अर्धं काम तिथंच होतं.

तांबडा_पट्टा
पेवाबद्दल जपून. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं, सुरईसारखं. दाणा श्वास घेतो, आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जड असल्यामुळं तळाशी बसतो. दिवा विझला नाही म्हणून माणूस उतरवू नका, सगळे विषारी वायू दिव्याला कळत नाहीत. कार्बन डायऑक्साइडही मोजणारं वायूंचं मीटर दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी सोडा : ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या आत. ब्लोअर अर्धा तास चालवून परत मोजा. पहिला बेशुद्ध पडला म्हणून दुसरा घाईनं उतरला की दोन जातात.

बोअरमास्तर
शेवटी खात्री बोअरनंच. साडेसहा इंची कशाला, साडेचार इंच पुरतं. हॅमर चालू असताना तीन गोष्टी बघा : रॉड एकदम सुटला का, हवा आणि भुकटी वर यायची बंद झाली का, आणि किती फुटांवर. रॉड सुटला पण हवा परत येते, तर तो नुसता मऊ मांजऱ्या असतो. दोन्ही झालं तर थांबा, रॉड काढा, मोटार अडकल्यावर सोडतात तोच कॅमेरा सोडा. छत पातळ असेल तर रिगच्या वजनानंच बसेल, म्हणून बोअर डागाच्या मधोमध नको, कडेला अर्धा-एक मीटर सरकून, आणि गाडीची चाकं डागाबाहेर.

जुनं_टिपण
बोअरमास्तर, तुमचं सगळं बरोबर, पण किल्ला केंद्र संरक्षित असेल तर हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे, २०१० च्या दुरुस्तीपासून. रिग उभी करायच्या आधी रान त्यात येतं का ते मोजून घ्या आणि पुरातत्त्व खात्याचं लेखी घ्या. काही सापडलंच आणि किंमत १० रुपयांच्या वर असेल तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडा तेव्हापासून तसाच आहे.

काटेसावर
सगळ्यांचे आभार. हद्द मोजली तर रानाचा वरचा दीड एकर १०० मीटरच्या आत येतो, तिथं बोअरचा विषय नाही. उरलेल्यात असं ठरतंय : सोयाबीन निघाल्यावर, ओल असताना, किल्ल्याच्या तटाला समांतर तीन ईआरटी ओळी, दहा-दहा मीटरवर. डाग रेषेत आला तरच गुरुत्वमापन. जीपीआर फक्त वर, जिथं कातळ उघडा आहे. काही चुकतंय का?

ओमकार_नव्हे_ओहम
तटाला समांतर बरोबर, म्हणजे भुयाराला आडवी. एक बदल करा. चार फुटांची काळी आणि दोन मीटरचं भुयार असताना दोन मीटर अंतर ढोबळ होतं. मधल्या ओळीत एक मीटर अंतर घ्या आणि अर्ध्या केबलनं दोनदा पुढं सरका. खोली आठ-नऊ मीटरवर येईल, पण दोन मीटरची वस्तू एका ठिपक्यात हरवणार नाही. आणि ठिबकच्या लॅटरल नळ्या आधी गुंडाळून घ्या. ओल्या नळीखालची माती ओळभर निळी येते.

हावबगा
अन सॅटेलाइटवाल्याला काय सांगायचं?

काटेसावर
अंधारी काढून दाखव म्हणलं. तेव्हापासून फोन उचलंना झालाय.